गुलाल वर, खोबरं खाली

प्रश्न रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका वडिलांचा आहे. लेक दहावीला. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. बाईंनी वर्गात सांगितलं की जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून सोडली तर दोन्ही एकदमच खाली येतात. बाप-लेकीनं घरी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून सोललेला नारळ आणि फुगवायचा प्लॅस्टिकचा चेंडू एकदम सोडला. नारळ आधी आपटला, चेंडू मागाहून आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यावर लेकीनं आणखी एक विचारलं: पृथ्वी जड वस्तूला जास्त जोरानं ओढते हेही पुस्तकातच लिहिलंय, मग जड वस्तूनं आधी का पडू नये? पुस्तक चुकलं की आम्ही, असं वडील विचारतात.

सगळ्यात आधी एक विनंती. गच्चीवरून नारळ टाकू नका. बारा मीटरवरून सुटलेला नारळ खाली पोचताना ताशी 54 किलोमीटरच्या वेगात असतो. गल्लीत पोरं खेळत असतात. याच गोष्टी घरात, कुणाचं डोकं न फोडता कशा बघायच्या ते पुढं सांगतो.

आता उत्तर. तुम्ही चुकला नाहीत. जे दिसलं ते खरं दिसलं. पुस्तकही चुकलेलं नाही, फक्त 'हवा नसेल तर' हे शब्द वर्गात कुठंतरी सांडले. मी तेहतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी हेच तीन शब्द वेचत बसलो. पोरं नियम पाठ करून येतात, अट घरी विसरतात.

लेकीला जोतिबाची यात्रा आठवायला सांगा. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या निघतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि माणसं गुलाल-खोबरं उधळतात. एकाच मुठीतून, एकाच वेळी, एकाच जोरानं. खोबऱ्याचे तुकडे क्षणात डोक्यावर, खांद्यावर, पायरीवर टपाटप पडतात. गुलाल मात्र वर तरंगत राहतो, आख्खा डोंगर गुलाबी होतो. गुलालाच्या कणाला पृथ्वी ओढत नाही असं थोडंच आहे? ओढतेच. पण त्या कणाच्या वाट्याला आलेली ओढ आणि त्याला आडवी येणारी हवा यांचा हिशेब खोबऱ्यापेक्षा अगदी वेगळा आहे.

हा हिशेब वजनाचा नाही, आकाराचा आहे. म्हणून माझा आवडता प्रश्न असा: खोबऱ्याचा तुकडाच कुटून गुलालाइतका बारीक केला तर? पदार्थ तोच, देवही तोच. एक सेंटीमीटरच्या तुकड्याची लांबी, रुंदी आणि जाडी हजारपट कमी केली तर प्रत्येक कणाचं वजन हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटी पटींनी कमी होतं. पण हवेला भिडणारा पृष्ठभाग दोनच बाजूंनी कमी होतो, म्हणजे दहा लाख पटींनी. वजन पार गेलं, पृष्ठभाग तितका गेला नाही. हवेचं पारडं हजारपट जड झालं. असा कण सेकंदाला सेंटीमीटरभरही खाली सरकत नाही आणि वाऱ्याची झुळूक त्याला सहज उचलून नेते. कुटलेलं खोबरंही गुलालासारखंच तरंगेल. म्हणजे 'हलकं म्हणून हळू पडतं' हे वाक्य अर्धवट आहे. आकाराच्या मानानं हलकं असेल तर हळू पडतं, असं म्हणायला हवं. लहानशी लोखंडी गोळी नारळापेक्षा कितीतरी हलकी असते, पण गच्चीवरून दोघं जवळजवळ बरोबर उतरतील.

तुमच्या नारळ-चेंडूचा हिशेब मी मांडून बघितला. नारळ सहाशे ग्रॅमचा, अकरा सेंटीमीटर रुंद धरला. चेंडू साठ ग्रॅमचा, वीस सेंटीमीटरचा. गच्ची बारा मीटर. हवा अजिबात नसती तर दोघांनाही 1.56 सेकंद लागले असते. हवेसकट नारळाला साधारण 1.58 सेकंद लागतात आणि चेंडूला जवळपास 2. नारळाला हवेची फारशी दादच नाही, सेकंदाच्या शंभर भागांतल्या एक-दोन भागांचा फरक. चेंडूनं मात्र जवळपास अर्धा सेकंद गमावला. तुम्हाला दिसलेला फरक तो हाच. म्हणजे पडण्याच्या नियमाची परीक्षा घेतली असं तुम्हाला वाटलं, प्रत्यक्षात परीक्षा चेंडू हवेला किती घाबरतो याची झाली.

हवेचं हे काम छोटं समजू नका. मे महिन्यात कोल्हापुरात वळीव कोसळतो तेव्हा टपोरे थेंब पत्र्यावर ताशे वाजवतात. तसा पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे ताशी बत्तीस-तेहतीस किलोमीटर वेगानं येतो. गगनबावड्यातली श्रावणातली भुरभुर याच्या कितीतरी मागं: अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला दोनच मीटर. आता हवा काढून टाका. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला थेंब, मोठा असो की छोटा, ताशी 700 किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन आपल्यावर आदळला असता. छत्री सोडा, पत्राही टिकला नसता. हवेचा रोध वेगाबरोबर वाढत जातो, एका टप्प्यावर तो थेंबाच्या वजनाइतका होतो आणि तिथून पुढं वेग वाढायचा थांबतो. याला अंतिम वेग म्हणतात. थेंब त्या क्षणानंतर एकाच वेगानं खाली येत राहतो. इथं पोरं हमखास अडकतात: 'बल शून्य झालं तर थेंब थांबेल ना सर?' नाही थांबणार. एकूण बल शून्य झालं की वेग बदलायचा थांबतो, थेंब नव्हे. न्यूटननं 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त पहिला नियम म्हणून जे मांडलं ते हेच, आणि वळवाच्या थेंबाइतकं त्याचं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पुस्तकात मात्र नेहमी बर्फावर घसरणारी वस्तू दाखवतात. कोल्हापुरात बर्फ कुठं बघणार, उसाच्या रसाच्या गाड्यावर?

आता लेकीचा दुसरा प्रश्न, जो खरं तर पहिल्यापेक्षा भारी आहे. हवा नाही असं धरलं तरी जड वस्तूला ओढ जास्त आहेच. मग ती पुढं का जात नाही?

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालतात तिथं जाऊन उभं राहा. एका हातगाडीवर गुळाचा तीस किलोचा एक रवा, म्हणजे ढेप, आहे. दुसरीवर तसे दहा रवे. दोन्ही गाड्यांना एकाच माणसानं सारख्याच जोरानं ढकललं तर? एक रव्याची गाडी झटकन निघते, दहा रव्यांची हलायलाच तयार नाही. ढकलणाऱ्याचा जोर तोच, पण वस्तुमान वाढलं की वस्तू हट्टी होते. थांबलेली असेल तर निघत नाही, निघाली तर थांबत नाही. पुस्तकी भाषेत याला जडत्व म्हणतात, मी वर्गात हट्टच म्हणायचो. पोरांना तेच लक्षात राहायचं.

वस्तुमान अशी दोन कामं करतं. एकीकडं पृथ्वीला जास्त ओढायला लावतं, दुसरीकडं स्वतःच जास्त हट्ट धरतं. एक किलोच्या भेलीला पृथ्वी 9.8 न्यूटन बलानं ओढते, तीस किलोच्या रव्याला 294 न्यूटननं. तीसपट ओढ. पण रवा तीसपट हट्टीही आहे. 294 ला तीसनं भागा, पुन्हा 9.8 च. म्हणजे दर सेकंदाला दोघांचाही वेग 9.8 मीटर प्रति सेकंदानं वाढतो. लेकीचा प्रश्न बरोबर आहे, फक्त तिनं वहीत डावी बाजू लिहिली आणि उजवी विसरली. तिला म्हणावं, ओढ मोजलीस तसा हट्टही मोज. वर्गात अर्ध्याहून जास्त पोरांची चूक इथंच असते आणि ती चूक हुशार पोरांचीच असते, कारण बाकीच्यांना हा प्रश्न पडतच नाही.

हे गणिताशिवायही पटवता येतं. विहिरीच्या काठावर दोन पोरं उभी आहेत, एक साठ किलोचा पैलवान गडी, एक तीस किलोचं काडीपैलवान. जड माणूस जास्त वेगानं पडतो असं धरा. आता दोघं हातात हात घालून उडी मारतात. बारका पोरगा हळू पडणारा, म्हणजे तो पैलवानाला मागं ओढणार. जोडी एकट्या पैलवानापेक्षा हळू पडायला हवी. पण हातात हात घातल्यावर जोडीचं वजन नव्वद किलो झालं की! मग जोडी एकट्या पैलवानापेक्षा वेगानं पडायला हवी. दोन्ही एकदम कसं खरं होणार? गृहीतकच खोटं होतं. यातून सुटायची वाट एकच, दोघंही सारखेच पडतात.

ही युक्ती माझी नाही. विहीर आणि पैलवान तेवढे माझे, बाकी गॅलिलिओची. 1638 साली छापलेल्या ग्रंथात त्यानं दोन दगड एकत्र बांधून हाच पेच टाकला आहे. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्यानं गोळे टाकल्याची गोष्ट त्याच्या शिष्यानं, विव्हियानीनं, नंतर लिहिली. ती तशीच घडली का याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण 1586 मध्ये सायमन स्टेव्हिन नावाच्या इंजिनिअरनं नेदरलँड्समध्ये खरोखर शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट जड, तीस फुटांवरून फळीवर सोडले आणि दोन्हींचा आवाज एकच आला असं लिहून ठेवलं. कान लावून ऐकणं ही फार चांगली पद्धत आहे. डोळ्याला वाटतं ते आधी पडलं, कान एवढा फसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो की गुरुत्वाकर्षणाचा शोध भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधी लावला. 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि तिनं ती जड वस्तूला आपल्याकडं ओढते असा श्लोक आहे, हे खरं. मला त्याचा अभिमानही आहे. पण ओढ किती, अंतराबरोबर ती कशी बदलते, पडणारी वस्तू दर सेकंदाला किती वेग घेते, याचं उत्तर त्या श्लोकात नाही. दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात, एकीनं दुसरी झाकू नये.

आता घरी करायचे प्रयोग. पहिला अगदी साधा: जाड वही घ्या, तिच्याहून लहान कागदाचा तुकडा वहीवर सपाट ठेवा आणि वही आडवी धरून सोडा. कागद वहीला चिकटल्यासारखा बरोबर येतो. वहीनं वाटेतली हवा बाजूला सारली, कागदाला आडवं येणारं कुणी उरलं नाही. मग तोच कागद एकटा सोडा, तो डुलत डुलत येतो. मग त्याचाच बोळा करून सोडा. वजन तिन्ही वेळी तेच होतं, हे लेकीकडून वदवून घ्या.

दुसरा प्रयोग खुद्द न्यूटनचा, आणि पुस्तकात तो का नाही हे मला आजवर कळलेलं नाही. गोष्टी खाली टाकून वेळ मोजणं अवघड असतं कारण सगळं दीड सेकंदात संपतं. न्यूटननं पडणं लांबवलं: वस्तू दोरीला टांगली. लंबकही पडतच असतो, फक्त दोरी त्याला वळवून परत आणते. त्यानं दोन सारख्या लाकडी डब्या अकरा फुटांच्या दोऱ्यांना टांगल्या आणि त्यांत आळीपाळीनं सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून झोके तपासले. हो, गहू. एखाद्या पदार्थाची ओढ आणि हट्ट यांचं प्रमाण जरा जरी वेगळं असतं तर त्याचा झोका पुढं-मागं झाला असता. तसं झालं नाही. हजारात एका भागाचा फरकही आपल्या लक्षात आला असता, असं त्यानं लिहिलंय.

तुम्ही स्वयंपाकघरातले दोन सारखे छोटे स्टीलचे डबे घ्या. एकात काठोकाठ गहू, दुसऱ्यात काठोकाठ मीठ भरा. छताच्या हुकापासून डब्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर येईल अशी दोरी बांधा. थोडासाच झोका द्या, फार लांबून सोडू नका. वीस झोके मोजा. जाऊन परत आला की एक. घड्याळात चाळीस सेकंदांच्या आसपास येईल, डबा कुठलाही असो. गव्हाचा डबा हलका म्हणून हवेनं थोडा आधी मंदावेल, झोका छोटा होत जाईल, पण एका झोक्याला लागणारा वेळ तोच राहील. जमलं तर दोन्ही डबे शेजारी टांगून एकदम सोडा. बराच वेळ ते कवायतीतल्या पोरांसारखे एका तालात जातात. गच्चीवरच्या नारळाला एकच संधी असते, इथं वीस झोक्यांची चूक वीस जणांत वाटली जाते, म्हणून मोजमाप कितीतरी पक्कं होतं.

याच आकड्यावरून लेक कोल्हापूरचं गुरुत्वत्वरणही, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडाही, काढू शकेल. पुस्तकात 9.8 असतं. आपलं गाव विषुववृत्तापासून फार लांब नाही आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथला खरा आकडा 9.78 च्या जवळ येतो. घरच्या दोरीनं दुसरा दशांश अंक सापडेलच असं नाही, दोरी मोजण्यात पाच मिलिमीटरची चूक झाली तरी तो हातचा जातो. पण 9.6 ते 10 मध्ये उत्तर आलं तर पाठ थोपटा.

ओढ आणि हट्ट यांचं असं बरोबर जमणं हा योगायोग की आणखी काही? न्यूटनकडं याचं कारण नव्हतं, त्यानं ते फक्त तपासून घेतलं. आइन्स्टाइननं 1907 मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात काम करताना विचार केला की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजनच जाणवणार नाही, आणि त्या धाग्यावरून 1915 पर्यंत तो सामान्य सापेक्षतेपर्यंत पोचला. ही बरोबरी माणसं अजून तपासतातच. फ्रान्सच्या 'मायक्रोस्कोप' उपग्रहानं दोन वेगळ्या धातूंचे तुकडे कक्षेत पडते ठेवून 2022 मध्ये निकाल दिला: एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांत एक भाग, इतक्या बारीक पातळीपर्यंत फरक नाही. दहावीच्या पोरीचा प्रश्न इतक्या लांब जातो.

एक कबुलीही देतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कॉलेजात मला काचेची लांब नळी मिळाली होती, आत नाणं आणि पीस, आणि हवा काढायला हातपंप. पुस्तकाप्रमाणे दोन्ही एकदम पडायला हवेत. पंप जुना, वायसर झिजलेला. पीस दर वेळी मागं. मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, पीस आजारी हाय.' वर्ग हसला, मी चिडलो. मग तोच पोरगा पंप मारायला पुढं आला आणि प्रत्येक दहा दट्ट्यांनंतर नळी उलटी करून बघायला लागला. पीस दर वेळी थोडं लवकर. शेवटपर्यंत नाण्याबरोबर कधी आलं नाही, पण ते कुठं निघालंय हे सगळ्यांना दिसलं. चांगला पंप असता तर मी एकदा दाखवून फळ्याकडं वळलो असतो. नंतर नवा पंप आला तरी मी मुद्दाम हवा थोडी थोडीच काढायचो.

पूर्ण निर्वात बघायचं तर चंद्र आहे. 2 ऑगस्ट 1971 ला अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही धुळीत एकदम पडले. त्याचं चित्रीकरण आहे, लेकीला दाखवा. त्याच्या पुढच्या वर्षी अपोलो 16 ची गाडी चंद्रावर पळवली तेव्हाचंही चित्रीकरण बघण्यासारखं आहे: चाकांनी उडवलेली धूळ हवेत लोळ करत नाही, कारण हवाच नाही, दगडासारखी कमान करून सरळ खाली बसते. चंद्रावर जोतिबाची यात्रा भरली तर गुलाल आणि खोबरं एकदमच पायरीवर पडेल. गुलाबी ढग नावालाही नाही.

तरीही मनाला 'जड ते आधी' असं का वाटत राहतं? माझं मत असं की आपण पडणं बघत नाही, आपटणं ऐकतो. नारळ धाडकन आपटतो, चेंडू टप्प करून उडतो. दोघं समजा एकाच वेगानं पोचले तरी नारळाचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, दहापट आहे, तो थांबवायला जमिनीला तितकाच जोर लावावा लागतो. तो दणका आपण वेगाच्या खात्यात टाकतो.

थांबवण्याचं शास्त्र आपल्याकडच्या वस्तादांना कुणी शिकवायला नको. शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेलं खासबाग मैदान बघा. आखाड्यातली माती नुसती माती नसते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून, रोज खणून ती लोण्यासारखी ठेवतात. ऐंशी किलोचा पैलवान एक मीटरवरून फरशीवर आपटला आणि एका सेंटीमीटरात थांबला तर अंगावर त्याच्या वजनाच्या शंभरपट जोर येतो. तोच मातीत पाच सेंटीमीटर रुतत थांबला तर वीसपट. वेग तोच, पडणं तेच, थांबायला मिळालेली जागा वेगळी. म्हणून कुस्तीला माती आणि मॅटवर आलं तर जाड गादी. फरशीवर ढाक डाव मारायला कुठलाही वस्ताद परवानगी देणार नाही.

आता परीक्षेच्या दृष्टीनं एक चूक सांगतो, कारण तुमची लेक ती करेल. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत वरच्या बिंदूला त्याचा वेग शून्य, इथपर्यंत सगळे बरोबर. मग प्रश्न येतो, तिथं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? दहातली सहा-सात पोरं शून्य लिहितात. असं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला नसता का? तिथंही पृथ्वी त्याला तेवढीच ओढते, त्वरण 9.8 खाली. वेग शून्य असणं आणि वेग बदलत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. याचीच जुळी चूक म्हणजे चेंडू वर जाताना त्याच्यावर वर दाखवणारा बाण काढणं आणि शेजारी 'हाताचं बल' लिहिणं. हात सुटला तिथं हाताचं काम संपलं. शाहू स्टेडियमवर गोलकीपरनं मारलेला चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत जातो, त्याचं बूट काही त्याच्याबरोबर जात नाही. चेंडूजवळ वेग आहे, बल नाही. उडत्या चेंडूवर बाण फक्त दोन: वजन खाली आणि हवा मागं. मी तर पोरांना सांगायचो, बाण काढायच्या आधी विचारा, हे बल लावणारा कोण? नाव सांगता आलं नाही तर बाण खोडा.

अंतराचं गणितही घोकू नये. सुरुवातीपासूनचं अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. फुटांत धरलं तर 16 गुणिले वेळेचा वर्ग. आमच्या गावाकडं जुनी माणसं विहिरीत खडा टाकून कान द्यायची. खडा सोडल्यापासून डुबुक ऐकू येईपर्यंत दीड सेकंद गेला तर पाणी 36 फुटांवर, दोन सेकंद तर 64 वर, अडीच तर शंभर फुटांवर. आवाजाला वर यायला लागणारा वेळ एवढ्या खोलीला सोडून दिला तरी चालतो. चालत नाही ते तुमचं बोट: मोबाइलचं घड्याळ दाबायला दोन दशांश सेकंद उशीर झाला तर दोन सेकंदांच्या विहिरीत तेरा फुटांची चूक होते. म्हणून पाच-सहा वेळा टाकून सरासरी घ्या, आणि काठावर लेकीचा हात धरा.

उत्तरपत्रिकेत ती नियम लिहील तेव्हा 'हवेचा रोध नगण्य मानल्यास' हे शब्द पहिल्या ओळीत असू देत.

शेवटचा प्रयोग अंगणात करा, भिजायची तयारी ठेवून. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्यानं भोक पाडा. भोक बोटानं दाबून बाटली पाण्यानं भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार उडते. आता खुर्चीवर उभं राहून बाटली सोडायची आहे. सोडण्याआधी लेकीला कागदावर अंदाज लिहू द्या: खाली येताना धार वाढेल, कमी होईल की थांबेल, आणि का. तुमचाही अंदाज लिहा, तिला न दाखवता. मग मोबाइल स्लो मोशनवर लावून बाटली सोडा.